उत्तरासकट प्रश्न

"सर, भिंतीपाशी नका बसू. इथे या," ती म्हणाली. मधल्या टेबलाशी एक खुर्ची मागे ओढून तिनं त्याच्यासाठी एक वर्कबुक ठेवलं आणि त्यावर एक पेन. भिंतीपाशी कोणी बसलेलं असलं की लोक लिहीत नाहीत, तपासायला माणूस आल्यासारखं वाटतं त्यांना, असंही ती खालच्या आवाजात म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. उद्धटपणाचं काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. तो आला होता तिचा कोर्स बघायला, तिच्या चुका टिपायला आणि संध्याकाळी साहेबांना सांगायला, की पोरगी एकटीनं कोर्स घेण्याजोगी झाली आहे की नाही. आणि आता तो विक्री खात्यातला उपव्यवस्थापक आणि खालच्या स्वागतकक्षातली बाई यांच्या मधोमध, नव्यानं शाळेत घातलेल्या पोरासारखा, गुडघे टेबलाखाली कोंबून बसला होता. पुढ्यातलं वर्कबुक त्याचंच होतं. त्यानंच लिहिलेलं, त्यानंच नाव दिलेलं: 'सहकाऱ्यांशी संवाद'. पण हातात घेतल्याबरोबर त्याला ते हलकं लागलं, आणि मग दिवसभर त्याला ती हलकेपणाची भावना सोडेना, जणू ओळखीच्या माणसाचा हात हातात घ्यावा आणि तो हात निम्माच असावा.

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीत लोक त्याला पाठीमागे मास्तर म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला नसतो हेही माहीत होतं, पण हेतू चांगला असणारी माणसं त्याला फारशी भेटलीच नव्हती. या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, याच निळसर खुर्च्यांवर, त्यानं वर्षानुवर्षं माणसं बसवली होती आणि त्यांच्याबद्दल त्याचं एक पक्कं मत झालं होतं. माणसं कोर्सला येतात ती जेवणाला येतात. सकाळी दारातच वर्कबुक हातात पडलं की पहिल्या चहाच्या आत शेवटच्या पानापर्यंत चाळून मोकळी होतात. रिकाम्या जागा दिसल्या की शेजाऱ्याच्या वहीत मान घालतात. दर बॅचला प्रत्येक रिकाम्या जागेत तेच दोन शब्द, 'संयम' आणि 'सहकार्य', जसे काही बाजारात तेवढेच मिळतात. पान पंधरावर सहकार्य, पान एकोणीसवर संयम, आणि पान तेवीसवर, जिथे फक्त स्वतःच्या खात्याचं नाव लिहायचं होतं, तिथेही एकानं संयम लिहिलं होतं. ती गोष्ट त्यानं घरी जेवताना बायकोला सांगितली होती. सुरुवातीच्या वर्षांत ती अशा गोष्टींना हसायची. पुढे 'हं' म्हणायला लागली. मग एकदा, भाजी वाढता वाढता, तिनं विचारलं होतं की मग तुम्ही त्यांना लिहायला वेळ देता का. त्याला त्या प्रश्नाची गंमत वाटली होती. वेळ दिला काय आणि न दिला काय, डोक्यात असेल तर कागदावर येईल. तो सबंध वर्कबुक पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवायचा, माणसं ओळीखाली बोट सरकवत यायची, आणि दुपारनंतर बोटं एकेका ओळीवर झोपी जायची. त्या झोपलेल्या बोटांकडे बघताना त्याला जे वाटायचं त्याला तिरस्कार म्हणणं जड होईल. तिरस्काराला समोरचा माणूस थोडा तरी तोलामोलाचा लागतो.

तिनं वर्कबुकचा पार कोथळा काढला होता. चोरून पानं चाळताना त्याच्या ते लक्षात आलं. ऐकणं म्हणजे काय हे त्यानं नऊ ओळींत सांगितलं होतं, मेहनतीनं, एकेक शब्द तोलून. आणि आता तिथे फक्त 'ऐकणं म्हणजे माझ्या मते' एवढं छापून खाली कोऱ्या रेघा सोडल्या होत्या. म्हणजे ऐकणं काय ते आता स्टोअर खात्यातला कारकून ठरवणार. त्याचे तक्ते गेले, त्याची चौकटीतली वाक्यं गेली, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो 'लक्षात ठेवा' म्हणून जे देत असे तेही गेलं. आपण आंघोळीला गेलो असताना घरातलं सामान कोणीतरी उचलून नेलं आणि जाताना फरशी पुसून गेलं, तसं त्याला वाटलं. पोरीला त्यानंच घडवलं होतं. दोन वर्षं ती त्याच्या मागे फळा पुसत, खुर्च्या लावत, उपस्थिती घेत फिरली होती आणि कधी काही बोलली नव्हती. तो त्याला तिचा मठ्ठपणा समजला होता. बुटांची नाडी नीट न बांधणारी, बोलताना मनगटावरचं घड्याळ गोल गोल फिरवणारी ही मुलगी आता पुढे उभी राहून सांगत होती की वर्कबुक आत्ता उघडू नका, पालथं ठेवा, मी सांगेन तेव्हा सांगेन ते पान उघडायचं. आणि तेवीस मोठ्या माणसांनी वर्कबुकं मुकाट पालथी घातली. पहिला अर्धा तास तिनं फक्त लोकांना बोलतं केलं. दुरुस्ती खात्याचा कोणाशी खटका उडतो, विक्रीवाले काट्याची कोणती गोष्ट गिऱ्हाइकापासून लपवतात, असलं काहीबाही. तो मनातल्या मनात टिपत होता: विषयाला सोडून. वेळेचा अपव्यय. फळ्यावर एक अक्षर नाही.

मग तिनं पान अकरा उघडायला सांगितलं. पानावर एकच प्रश्न होता आणि तो त्याचा नव्हता. गेल्या महिन्याभरात असा कोणता प्रश्न तुम्ही कोणाला विचारलात, ज्याचं उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं? ऑफिसातला चालेल, घरातला चालेल, ती म्हणाली. मला दाखवायचं नाही, मोठ्यानं वाचायचं नाही, वर्कबुक तुमचं आहे, तुम्ही घरी न्यायचं. पाच मिनिटं घ्या. आणि ती गप्प बसली. खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि खाली गाड्या लावायच्या जागेकडे बघत राहिली. त्याला हसू आलं. तो वाट बघत होता. अर्ध्या मिनिटात ती वळेल आणि 'काही अडचण?' म्हणेल, मग एखादं उदाहरण देईल, मग दुसरं देईल. त्याला हे स्वतःवरून माहीत होतं. हॉलमध्ये शांतता पडली की त्याच्या मानेमागे काहीतरी सरसरायचं, कोणीतरी आपल्याला काढून टाकायला निघालंय असं वाटायचं आणि तो बोलून टाकायचा. पण ती वळली नाही. पंख्याचा आवाज मोठा झाला. कोणाचं तरी पोट वाजलं. आणि मग ते सुरू झालं, आधी कोपऱ्यातून, मग दोन-तीन ठिकाणांहून, मग सगळीकडून: कागदावर पेनं चालल्याचा आवाज, पालीच्या पावलांसारखा बारीक. या हॉलमध्ये इतकी वर्षं काढून तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्याच्या वेळी तो स्वतः बोलत असायचा.

लिहिण्याचा काही प्रश्नच नव्हता, तो बघायला आला होता. पण सगळे वाकलेले असताना एकट्यानं ताठ बसणं अवघड असतं, म्हणून त्यानं पेनाचं टोपण काढलं. महिनाभरात विचारलेले प्रश्न. तो शोधू लागला तसे ते भराभरा आले. जेवलीस ना? बिल भरलं ना? हे तुम्हाला मान्य आहे ना? प्रत्येकाच्या शेपटीला एक 'ना' बांधलेला. प्रश्न निघायचा तोच उत्तर बखोटीला मारून. समोरच्यानं फक्त मान हलवायची. ताईच्या वेळी असंच झालं होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आईनंतर तिनंच त्याचं सगळं केलं. शेवटच्या आजारात ती दवाखान्यात होती आणि तो रोज ऑफिसातून परस्पर जायचा, पिशवीत मोसंबी घेऊन. दारातूनच म्हणायचा, काय ताई, बरं वाटतंय ना आज? आणि ती काही म्हणायच्या आत, चेहरा उजळलाय गं तुझा, असं म्हणून मोसंबी सोलायला बसायचा. सालीचा तो कडवट, बोटांना चिकटणारा वास, आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं कण्हणं. एका संध्याकाळी ताईनं त्याचं मनगट धरलं होतं. तिच्या हाताला चांगलाच जोर होता. ती म्हणाली, "तू थांब जरा." आणि तो म्हणाला होता, थांबलोच आहे की, कुठे जातोय मी, डॉक्टर म्हणालेत सोमवारी सोडतील. सोमवारच्या आतच ती गेली. तिला काय सांगायचं होतं हा विचार त्यानं त्या वेळी केला नव्हता. दवाखान्याची माणसं कशी गलथान, कागदपत्रांना किती वेळ लावला, हे त्यानं बरेच दिवस रंगवून सांगितलं होतं. ते आठवलं आणि त्याला पोरीचा संताप आला. असले प्रश्न विचारायचा हिला काय अधिकार? वजनकाट्याच्या कंपनीत पगार घेता आणि माणसांच्या अंगातले टाके उसवता.

वेळ संपत आला असावा, कारण डावीकडचा उपव्यवस्थापक टोपण लावून मागे रेलला. दर महिन्याला नवं घड्याळ घालणारा, लिफ्टमध्येही अत्तराचा माग ठेवणारा हा इसम त्याला मुळातच खपत नसे. त्याचं पान उघडंच होतं. अक्षर मोठं, गोल, दुकानाच्या पाटीसारखं. 'बायकोला विचारलं, तुला इथे करमतं का.' मास्तरची नजर त्यावर गेली आणि मग जे झालं ते इतकं सहज झालं की त्याचं त्यालाच नंतर कळलं. त्यानं ते वाक्य उतरवून घेतलं. अक्षरशः, काना-मात्रेसकट. डावा हात पानावर आडवा धरला होता, आपलं कोणी बघू नये म्हणून. लिहून झाल्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्यांना त्यानं जन्मभर नाक मुरडलं, ज्यांची टवाळी करून जेवणाच्या टेबलावर दिवस साजरे केले, त्या सगळ्यांच्या रांगेत, आणि रांगेच्याही शेवटी, तो जाऊन उभा राहिला होता. त्यांनी निदान 'संयम' हा शब्द तरी एकमेकांचा घेतला होता. यानं बायको उचलली होती.

मुलगी खिडकीतून वळली. कोणाला शेजाऱ्याला सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर पान मिटून ठेवा, असं ती म्हणाली. त्यानं पान मिटलं. पण स्वागतकक्षातली बाई त्याच्याकडे खुर्ची वळवून बसलीच होती. ती सांगू लागली, की तिनं सासूबाईंना विचारलं, लहानपणी तुम्हाला घरी काय नावानं हाक मारायचे. दोन दिवस त्यांनी सांगितलंच नाही, उलट चिडल्या, आणि तिसऱ्या दिवशी भांडी लावता लावता आपणहून सांगितलं. काय होतं नाव, असं त्यानं विचारलं नाही, पण तिनं स्वतःच मान हलवली, ते नाही हं सांगणार, त्यांचं आहे ते. मग तिनं त्याच्या पानाकडे बोट केलं. त्यानं ते वाक्य म्हटलं. तोंडातून बाहेर पडताना ते त्याला परक्याच्या चपलेसारखं लागलं, आणि चपलेसारखंच ते पायात बसलंही. बाईनं डोळे बारीक केले.

"मग? काय म्हणाल्या?"

हजारो माणसांसमोर, हजारो प्रश्नांना, घसा न खाकरता उत्तरं दिलेला माणूस पेनाचं टोपण लावत बसला. शेवटी म्हणाला, की विचार करून सांगते म्हणाली. बाईला ते पटलं. हो ना, असं एकदम कसं सांगता येणार, असं ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याच्या बायकोबद्दल, जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, इतकी समजूत दिसली की त्याला उठून जावंसं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत उपव्यवस्थापकानं त्याला ताटांच्या रांगेत गाठलं. वाक्य लांबवलंत माझं, तो हसत म्हणाला, पण हसण्यात टोचणी नव्हती. माल उधार नेलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो सहज बोलत होता. मास्तरनं काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, "राहू द्या हो. माझंही खरं नाहीये ते. ती गेली सोडून, वर्ष झालं. लिहायला काहीतरी हवं ना." आणि त्यानं स्वतःच्या ताटात काकडीच्या चकत्या वाढून घेतल्या, दोन मास्तरच्या ताटात टाकल्या आणि ओळखीच्या टेबलाकडे निघून गेला. तिथे पोचायच्या आत त्यानं कोणाला तरी मोठ्यानं हाक मारली आणि ते सगळं टेबल हसलं. मास्तर ताट घेऊन उभा राहिला. अत्तराचा वास अजून तिथेच होता. त्या वासाला नावं ठेवायची त्याला सवय होती, आणि आज नाव शोधू गेला तर एकही चिकटेना.

तरी संध्याकाळी साहेबांच्या खोलीत शिरताना त्याचं सगळं तयार होतं. साहेब त्याच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, टेबलावर कागद नावाला नाही, फक्त पाण्याची एक भलीमोठी बाटली, जिच्यातून ते बोलता बोलता घोट घेत, आजारी माणसासारखे. त्यांच्याविषयीही त्याचं मत ठरलेलं होतं. त्यानं सांगितलं की मुलगी कष्टाळू आहे पण कच्ची आहे. साहित्याची मोडतोड केली आहे. लोकांना मोकळं सोडते, हॉल मधूनमधून मेल्यासारखा होतो, फळ्याचा वापर शून्य. अजून वर्षभर तरी हाताखाली ठेवावी. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाटलीचं झाकण फिरवत त्यांनी विचारलं, लोक लिहीत होते का? विचारून ते थांबले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. नाही म्हणायला त्याला काहीच लागलं नसतं. तो शब्द जिभेवर आलाही होता.

"लिहीत होते," तो म्हणाला.

"सगळे?"

"सगळे. मी सोडून."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला आणि मास्तरला विनोद करता येतो याचं थोडं नवल वाटलं. मग पुढच्या महिन्यापासून कोर्स तीच घेऊ दे, ते म्हणाले. तुम्ही वर बसा, गिऱ्हाइकांना द्यायच्या पुस्तिका फार दिवस अडल्यात, तुमच्यासारखा लिहिणारा माणूस नाही आपल्याकडे. म्हणजे काटा सपाट जागी ठेवावा, काट्यावर पाणी सांडू नये. त्यानं मान डोलावली. बाहेर आला तेव्हा हॉलचं दार उघडं होतं आणि ती एकटीच खुर्च्या एकावर एक रचत होती. टेबलांवर एकही वर्कबुक मागे राहिलं नव्हतं. त्याच्या कोर्सनंतर ती गठ्ठ्यानं मागे राहत आणि शिपाई ती रद्दीत घाली. त्याला काही बोलायचं नव्हतं. पण दारातून पुढे गेल्यावर तो परत आला आणि म्हणाला, की पान अकरावर रेघा कमी आहेत, मोठ्या अक्षराच्या माणसाला पुरत नाहीत. तिनं खुर्ची खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. वाढवते, ती म्हणाली. आणखी काही म्हणेल असं वाटून तो क्षणभर रेंगाळला, पण तिनं काही म्हटलं नाही, आणि गप्प बसणं हिला कुणी शिकवलं हा विचार मनात घेऊन तो जिना उतरला.

घरी बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. त्यानं बूट काढले, हातपाय धुतले, आणि रोज जिथे बसून तो दिवसाचा समाचार घ्यायचा त्या खुर्चीत बसला. तिनं सवयीनं कान दिला. म्हणजे त्याच्याकडे न बघता मान जराशी कलती केली. आज सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पोरगी, तिच्या नाड्या, बाटलीतून पाणी पिणारे साहेब. त्याऐवजी त्यानं विचारलं, "तुला इथे करमतं का?"

"कुठे?"

"इथे. या घरात."

तिनं चादरीची घडी मांडीवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, आणि मग जे आलं ते त्याच्या इतकं ओळखीचं होतं की तो दचकला. ते त्यानं दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. झोपलेल्या बोटांकडे बघताना तो स्वतः असाच दिसत असणार.

"कुठल्या कोर्सात शिकवलं हे?" ती म्हणाली.

त्याच्या तोंडात वाक्यांची रांग लागली. अगं सहज विचारलं. करमत असेलच म्हणा. न करमायला काय झालंय, सगळं आहे. मानेमागे ते सरसरणं सुरू झालं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती खोकून खोकून बंद पडत होती. तो खुर्चीच्या हाताला धरून बसून राहिला. तिनं दोन उशांचे अभ्रे घडी केले, एक टॉवेल घडी केला, आणि टॉवेलाकडेच बघत बोलू लागली. वरच्या मजल्यावर जी दाताची डॉक्टर राहते, तिच्याबरोबर ती पोहायला जाते. तो ऑफिसला गेल्यावर. पावसाळ्याआधीपासून. पहिले दोन महिने नुसती कठड्याला धरून पाय मारत होती, आता सबंध तलाव पार करते. हा टॉवेलही तिकडचाच. इतके दिवस तो इथेच दोरीवर वाळत होता.

या वयात, हे पहिलं त्याच्या मनात आलं. दुसरं आलं ते तलावाचं पाणी, त्यातली ती क्लोरिनची घाण, आणि त्यात शहरभरच्या बायका. तिसऱ्या वाक्यात तर विनोदही होता आणि तो चांगला होता. तिन्ही वाक्यं ओठाशी येऊन उभी राहिली. तिनं ती पाहिली असावीत, कारण ती उठून कपाट उघडायला निघाली. तिचे केस मागून आखूड दिसले. ते कधी कापले, हेही त्याला माहीत नव्हतं.

"खोल पाण्यात जातेस?" त्यानं विचारलं.

ती कपाटाशी थांबली. हातातला टॉवेल तिनं आत ठेवला नाही, खांद्यावर टाकला.

"जाते," ती म्हणाली. "खाली गेलं की काही ऐकू येत नाही."